परवाना नसलेलं तळं

गेम कंपनीत तिचं काम एकच, विनापरवाना चालणारे सर्व्हर शोधायचे आणि बंद पाडायचे. त्या दिवशी सापडलेला सर्व्हर एका निवृत्त वायरमनने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवला होता. खेळणारी माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. लढाई नाही की जिंकणं नाही, दोघं आपले त्या गेममधल्या तळ्याकाठी रमतगमत फिरत असायचे.

तिने फोन लावला. "काका, परवाना काढा, नाहीतर सर्व्हर बंद करावा लागेल."

"काढला असता की! पण गेम जुना झाला म्हणून तुमच्याच कंपनीने परवाने द्यायचे थांबवलेत. आता आम्ही कुणाच्या दारात जायचं?"

तिला त्यांचं म्हणणं पटलं. तिने साहेबांकडे रदबदली करून पाहिली, पण ते ढिम्म हलले नाहीत. "एकाला सूट दिली की उद्या सगळे डोक्यावर बसतील," म्हणाले.

नाइलाजाने तिने त्या सर्व्हरची कंपनीकडची जोडणी कायमची तोडून तो बंद पाडला आणि काकांना पुन्हा फोन केला. जड झालेला आवाज उगाच हसरा करत ती म्हणाली, "गेमच तर होता, काका. आता काकूंना घेऊन खऱ्याखुऱ्या तळ्यावर फिरायला जात जा."




"अगं पोरी, अपघातात तिचे दोन्ही पाय गेले. ती चालायची ती फक्त तिथेच."