नेट कशानं गेलं

हेडसरांच्या लॅपटॉपला वायर लावलेली होती, पण नेट येत नव्हतं. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत पाचला संपणार होती आणि सतरा मुलींचे अर्ज राहिले होते.

“विंडोज सोडून लिनक्स घेतलं ना, भोगा आता! ड्रायव्हरच गेलाय,” सर म्हणाले. ड्रायव्हर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. आवाज मात्र ठाम होता.

गणिताच्या नलावडेबाईंनी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली. “ड्रायव्हर चालू आहे, सर. वायर जोडली, तुटली, जोडली, तुटली, असंच लिहून येतंय.”

त्यांनी वायर बदलली, तरी तेच. मग मोबाइलच्या उजेडात बाई लॅपटॉपच्या, वायर लावायच्या खाचेत डोकावल्या. शाळेचा कारकून म्हणून शेजारी उभा असलेला मीही डोकावलो. आत हळदकुंकू! परवा खंडेनवमीला सरांनीच लॅपटॉपची पूजा केली होती, अगदी सढळ हातानं.

बाईंनी लॅपटॉप बंद करून ब्रशनं खाच साफ केली. नेट आलं. पावणेपाचला सतरावा अर्ज गेला.

“काय झालं होतं हो?” सरांनी विचारलं.

सरांची चूक सापडली आणि स्टाफरूममध्ये पोचली नाही, असं माझ्या नोकरीच्या बावीस वर्षांत घडलं नव्हतं. मी कान टवकारले.

“धूळ होती, सर,” बाई म्हणाल्या आणि ब्रशची लाल टोकं त्यांनी पदराआड धरली.