निघू मी?

निरंजनने बनवलेल्या गेमची नायिका सगळ्या संकटांतून नदीकाठी पोचली आणि मुकाट उभी राहिली. तिला आवाज देणारी मृणाल शेवटचं वाक्य रेकॉर्ड करण्याआधीच वारली होती.

"बाबा, एवढं खेळून निरोपही नाही? लोक चिडतील," लेक म्हणाली. "मशीनकडून आईचा आवाज बनवून घेऊ."

"नको," निरंजन म्हणाला.

रेकॉर्डिंगमधलं, संवाद संपल्यानंतरचं मृणालचं बोलणं तो नेहमी कापून टाकायचा. एका ठिकाणी ते राहून गेलं होतं. दमलेली मृणाल त्याला विचारत होती, "झालं ना तुझ्या मनासारखं? निघू मी?"

त्याने गेमच्या शेवटी तेच घातलं. खेळणाऱ्याने 'हो' दाबलं, की नायिकेची होडी सुटणार.

"निघू मी?" नदीकाठून आवाज आला. लेकीने कंट्रोलर बाबांच्या हातात दिला.

निरंजनचा अंगठा 'हो'वर टेकला, पण दाबवेना. काठावर ती उभीच राहिली, नेहमीसारखी, त्याचं आवरायची वाट बघत.