बुजवलेल्या फटी

“काळा होता की तपकिरी?” कोळीवाल्यांनी दारातच बूट पुसत विचारलं.

“काळा,” ती म्हणाली. मग जरा चाचरत, “म्हणजे, तपकिरीकडे झुकणारा.”

“पोटाखाली लाल खूण?”

“आता पोट बघायला मी त्याला उताणा हो म्हणू का?”

ते हसले. खांद्यावरची पिशवी सावरून, बॅटरी लावून आत आले. त्यांचं नाव तिला ठाऊक होतं, पण सगळी गल्ली त्यांना कोळीवालेच म्हणे. घरात कोळी दिसला की लोक त्यांना बोलवत. ते त्याला काचेच्या बरणीत धरत, विषारी की साधा ते सांगत आणि लांब नेऊन सोडत. मारत कधीच नसत.

आज घरात कोळी नव्हताच. तिने सरळ थाप मारली होती. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, मापात कधी बोटभर खोट केली नाही, आणि या वयात फोनवर नसलेला कोळी उभा केला. स्वतःचीच लाज वाटत होती. पण ते आले होते, आणि घरात पुन्हा कोणाच्या तरी बुटांचा आवाज होत होता.

पहिल्यांदा ते आले तेव्हा कोळी खरा होता. मागच्या पडवीत, लाकडांच्या ढिगात, काळाकुळकुळीत, पोटाखाली लालभडक खूण. “हा चावला असता तर दवाखाना गाठावा लागला असता,” ते म्हणाले होते. मग चहा घेता घेता त्यांनी सगळं समजावलं. लाकडं भिंतीपासून लांब रचा. भिंतीतल्या फटी बुजवा. बाहेरचा दिवा रात्रभर ठेवू नका, दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका.

तिने सगळं मन लावून केलं. दाराखालच्या फटीसाठी जाड कापडाची लांब पिशवी शिवून वाळूने भरली. ते दर वेळी येऊन बघत, “वा” म्हणत. आणि एकेक फट बुजत गेली तसे त्यांचे फेरेही कमी होत गेले. हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. शहाण्यासारखं ऐकलं आणि तिथेच फसली.

“तुमच्याकडेच कसे गं एवढे कोळी?” शेजारीण मध्ये एकदा म्हणाली होती. “आमच्याकडे औषधालासुद्धा नाही.” तिने तेव्हा दाभणात दोरा ओवायचं निमित्त करून मान खाली घातली होती.

मागच्या खेपेला शिलाई मशीनच्या खणात एक साधा घरकोळी निघाला होता. तिने घाईत खण लावला आणि त्याचा पुढचा डावा पाय अडकून तुटला. तिला फार वाईट वाटलं होतं.

“जगेल तो,” कोळीवाले बरणीला झाकण लावत म्हणाले होते. “बिनविषारी आहे बिचारा. नदीपलीकडे सोडतो. तिथून परत यायचं तर त्याचा जन्म जाईल.”

मग जाताना दारात थांबून ते पिशवीचा पट्टा उगाच घट्ट-सैल करत राहिले. “आता घर पक्कं झालंय,” शेवटी म्हणाले. “मला बोलवायची वेळ काही येणार नाही तुमच्यावर.”

ती नुसतं “बरं” म्हणाली. थांबा म्हणायचं होतं. नवरा गेल्यापासून चहाचा दुसरा कप फळीवर पालथा पडला होता, तो यांच्यासाठी सुलटा झाला होता, हे सांगायचं होतं. ते एकटेच राहतात, घरी वाट बघणारं कोणी नाही, हे तिला माहीत होतं. पण अशा गोष्टी बोलायच्या कशा? कापड असतं तर तिने शिवून दिलं असतं.

आता ते कपाटामागे बॅटरी मारत होते. मशीनचा खण पाहिला. पलंगाखाली वाकून पाहिलं. ती मागे मागे फिरत होती.

“इथे तर काही नाही,” ते म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले.

चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, ओळखलंच यांनी. आता गोड बोलून निरोप घेतील आणि पुन्हा फोन करायला तोंड राहणार नाही.

“न्हाणीघर तेवढं बघतो,” ते म्हणाले. “तुम्ही इथेच थांबा. पायात चप्पल नाही तुमच्या.”

पिशवी घेऊन ते आत गेले. त्यांनी दार लोटून घेतलं. ती मशीनला हात टेकून उभी राहिली. सांगून टाकायचं, तिने ठरवलं. कोळी नव्हता. तुम्ही यावं म्हणून फोन केला. हसले तर हसू देत. तिने वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं.

दार उघडलं.

“सापडला,” कोळीवाले म्हणाले.

ती बघतच राहिली. ते बरणीचं झाकण पिळत होते, आधीच घट्ट असलेलं. कान लालबुंद झाले होते.

“तुमची नजर बरोबर होती,” ते झाकणाकडे बघत म्हणाले. “घरकोळी आहे, काळजी नको. पण कुठेतरी एखादी फट राहिली असणार. मला वाटतं, मला येत राहावं लागेल. अधूनमधून.”

“हो का,” ती म्हणाली. “द्या बघू.”

त्यांनी जरा नाखुशीनेच बरणी पुढे केली. तिने ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. कोळी काचेवर चढायला धडपडत होता, किंचित लंगडत. पुढचा डावा पाय नव्हता.