खतरोबा

दुधनेचं पाणी इथवर आलं की गाव सोडायचं, अशी खूण म्हणून निजाम सरकारचे ओव्हरसियर हशमतमियाँ यांनी काठावरचा दगड लालभडक रंगवला. "ये खतरा है," असं चावडीवर चारचौघांत बजावलं आणि ते परभणीला गेले. महिन्यानं येऊन बघतात तर दगडाला हार, पुढ्यात फुटलेले नारळ.

"अरे, ये क्या?"

"खतरोबा, सायेब," केवळाबाई पदर सावरत म्हणाली. "तुमीच तर बसवला!"

हशमतमियाँनी कपाळावर हात मारून घेतला.

भादव्यात दुधना फुगली. सरकारी दवंडीनं कुणी जागचं हललं नाही. पण नैवेद्य घेऊन गेलेली केवळाबाई बोंबलतच परत आली, "खतरोबाचे पाय भिजले वो! देव माळावर चला म्हनायलाय!" बघता बघता अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट माळावर.

पूर ओसरल्यावर हशमतमियाँ पुढच्या गावी दगड रंगवायला बसले.

"ह्यो कंचा देव म्हनायचा, सायेब?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

हशमतमियाँनी कुंचला ठेवला, पायातले जोडे काढून बाजूला सारले आणि म्हणाले, "खतरोबा. बहुत कडक देव है. पाय भिजले, की गाव सोडायचं."