करंगळी

पहिलीच्या खोलीत एवढी शांतता? दुसरीला वजाबाकी शिकवताना बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दोन खोल्या आणि त्या एकट्या. म्हणून आज पहिलीपुढे टॅब ठेवून त्यावर स्वतःचाच रेकॉर्ड केलेला धडा लावून दिला होता. वर दमही भरला होता, "या बाईंना विचारल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही!"

राहवेना, तेव्हा हातातल्या खडूसकट त्या तिकडे धावल्या.

टॅबमधल्या बाई हसत हसत बडबडगीत म्हणत होत्या. पहिल्या रांगेतली मुक्ता त्यांच्यासमोर करंगळी वर धरून बसली होती. तिच्याखालची सतरंजी भिजली होती.

"अगं, मला हाक मारायचीस ना!"

मुक्ताने करंगळी तशीच त्यांच्याकडे वळवली. "केव्हाची विचारतेय, बाई. तुम्ही नुसतं हसत होतात."