शेजारच्या पेशी

पडद्यावर सूक्ष्मदर्शकाखालच्या मांसाचं, जांभळ्या ठिपक्यांचं चित्र उमटलं आणि पिराजींनी मान खाली घातली. ते मांस कुणाचं, हे दूध संस्थेच्या त्या हॉलात तिघांनाच ठाऊक होतं. त्यांना, शेजारी बसलेल्या तानाबाईंना आणि माइकपाशी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीला, क्रांतीला.

तानाबाईंचा डावा स्तन काढला तेव्हा पिराजींनी गावात, गडमुडशिंगीत, 'पित्ताचे खडे' म्हणून सांगितलं होतं. कॅन्सर झालेल्या बाईनं काढलेलं दूध आपल्या दुधात कोण मिसळू देणार? दोन म्हशींचं दूध रोज परत आलं असतं.

क्रांती कोल्हापुरात याच आजारावर संशोधन करत होती आणि आज गावातल्या बायकांना तेच समजावायला आली होती. "ही कॅन्सरची पेशी," ती म्हणाली. "ती एकटी वाढत नाही. भोवतीच्या चांगल्या पेशींना फितवते. मग त्याच तिला पोसतात, पुढं जायला वाट करून देतात."

"इरजणागत की!" संस्थेत दूध मापणाऱ्या बयाबाई पुढून ओरडल्या. बायका हसल्या.

"हो, मावशी. पण दुधाला 'नाही' म्हणता येत नाही. या पेशींना कधी कधी येतं. शेजारच्या पेशीच तिला दाबून धरतात. गाठीच्या कडेचं हे निरोगी मांस मिळालं, म्हणून ते आम्हाला बघता आलं."

"कुणाचं गं ह्ये? बिचारी!" बयाबाईंनी विचारलं.

नाव सांगणार नाही, असा क्रांतीनं आईला शब्द दिला होता. पिराजींनी बायकोचा पदर धरायला हात पुढं केला. तोवर तानाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"बिचारी कुणाला म्हणतीस गं बये? माझं हाय त्ये. लेकीनं मागितलं, म्या दिलं. भिंतभर दिसतंय, बघ की!"

"आन् पित्ताचं खडं?" मागून कुणीतरी विचारलं.

आपली मान वर आहे, हे पिराजींना जरा उशिरानं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली त्यांनीच उचलली. परत आणायची वेळ आली तर ती तानाबाईंच्या हातात नको. दोघं संस्थेत पोचली तशी रांगेतल्या बायका बाजूला सरकल्या.

बयाबाईंनी किटली ओढून घेतली. दूध मापलं. एकदा रांगेकडं बघितलं आणि सगळ्यांच्या देखत ते मोठ्या कॅनात ओतलं.

"आता ज्याला ह्यात वतायचं न्हाय, त्यानं आपलं घरी न्यावं!"

रांगेतून कुणीच हललं नाही.

रिकामी किटली देताना बयाबाईंनी तानाबाईंचा हात धरला आणि पदराआडून स्वतःच्या काखेजवळच्या गाठीवर नेला. जन्मभर ओरडून बोलणारी ती बाई पहिल्यांदाच हळू बोलली.

"क्रांतीला सांग, माझंबी भिंतीवर लाव म्हणावं."