डाव्या चाकाचं बेअरिंग

"घूंऽऽऽ असं येतंय काका, मागून. चाळीसच्या वर गेलो की सुरू." मिथुनने तोंडाने आवाज काढून दाखवला आणि पिकअपची चावी दत्तारामच्या हातात न देता बॉनेटवर ठेवली.

दत्तारामने गाडी मागून उचलली, खाली स्टँड लावले आणि मिथुनला ती गिअरमध्ये टाकायला सांगितलं. दोन्ही चाकं हवेत गरगरू लागली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याने चाकाजवळ अ‍ॅक्सलवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. याच कानाच्या भरवशावर त्याने तीस वर्षं भांडुपमधल्या गाड्यांची मागची चाकं उघडली होती. आता कानात नुसती भिंत होती. डावीकडे भिंत, उजवीकडेही भिंत.

गेल्या महिन्यात एका फुलवाल्याची गाडी त्याने 'काही झालेलं नाही' म्हणून परत पाठवली आणि घाटकोपरच्या पुलावर तिचं चाक जाम झालं. फुलवाला आणि त्याची दोन मुलं थोडक्यात वाचली. त्याच दिवशी मुलाने, सिद्धेशने, जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "बाबा, आता आणखी एक चूक झाली ना, तर हत्याराला हात लावायचा नाही. टेबलाजवळ खुर्ची टाकून देतो, तिथे बसा."

त्याने इंजिन बंद करायला लावलं. डावा तळहात चाकाजवळच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यावर ठेवला आणि उजव्या हाताने चाक हळूहळू फिरवलं. बेअरिंग खराब असलं की पाट्यातून हाताला बारीक खरखर लागते. ती लागेना. चाक वरखाली धरून हलवलं, तर तसूभरही हललं नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच.

हात सांगत होता, गाडी ठणठणीत आहे. पण मिथुन कशाला खोटं बोलेल? बारा वर्षांचं गिऱ्हाईक. येतोय म्हणतो म्हणजे आवाज येत असणार, आपल्यालाच ऐकू येत नाही. आणि 'काही झालेलं नाही' हे शब्द पुन्हा तोंडातून काढायची त्याची छातीच होईना.

सिद्धेश हात पुसत आला. "काय वाटतं बाबा?" त्याने जरा मोठ्यानेच विचारलं.

"डाव्या बाजूचा बेअरिंग गेला हा."

"नक्की?"

"माका इचारतंस?"

मिथुन चहा सांगतो म्हणून घाईघाईने रस्ता ओलांडून गेला.

दत्तारामने चाक काढलं, अ‍ॅक्सल ओढून बाहेर घेतला आणि आतल्या नटवर टॉर्च मारला. नट ढिला होऊ नये म्हणून त्याच्यामागच्या वॉशरची एक पाकळी नटवर दुमडतात. सगळीकडे एकच दुमडतात. इथे दोन दुमडलेल्या होत्या, समोरासमोर. साऱ्या भांडुपात दोन पाकळ्या दुमडणारं गॅरेज एकच होतं. "एक डायवरासाठी, दुसरी तेच्या घरच्यांसाठी," असं म्हणत त्यानेच ती सवय सिद्धेशला लावली होती.

मिथुनची गाडी तर वर्षभर इथे आली नव्हती, आणि पाकळ्यांवरचे छिन्नीचे घाव अजून ताजे चमकत होते.

त्याने नट सोडवला आणि हब बाहेर ओढला. आत मधाच्या रंगाचं ताजं ग्रीस. बोटाने पुसलं तर रोलर चकचकीत, एक ओरखडा नाही. दत्तारामने ते बेअरिंग सिद्धेशसमोर धरलं.

"कधी घातलंस?"

"काल. दोन्ही बाजूंची." सिद्धेश जमिनीकडे बघत होता. "बाबा, माणसं असतात हो गाडीत."

"आणि ता घूं?"

"मीच सांगितलं त्याला तसं बोलायला. बघायचं होतं, तुम्हाला कळतंय का."

दत्तारामला मुलाचा राग आला, मिथुनचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. "हाताक समाजला होता माझ्या," तो म्हणाला. "गाडीक काय एक झालेला नाय, ता हाताक समाजला होता."

"मग बोलला का नाहीत?"

याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. पण आता ते दिलं असतं तरी सबब वाटली असती. कालपर्यंत आपल्या शब्दावर लोक चाक उघडत होते, आणि आज आपणच आपल्या हाताचं ऐकलं नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं.

त्याने तेच बेअरिंग पुन्हा ग्रीस भरून बसवलं. हब चढवला, नट आवळला, किंचित सैल केला, हब फिरवून पाहिला. मग छिन्नी लावून वॉशरच्या दोन पाकळ्या दुमडल्या, समोरासमोर. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काम लवकर संपू नये असं वाटत होतं.

मिथुन कटिंग घेऊन आला. "झालं काका? झकास! आता नाही येणार आवाज."

"आवाज बरो काढलंस रे," दत्ताराम म्हणाला.

मिथुनचा चेहरा पडला. चहाचा ग्लास तसाच फळीवर ठेवून दत्ताराम हात धुवायला नळावर गेला. अ‍ॅक्सल अजून आत घालायचा होता. तेवढा तरी आपण घालू, असं मनाशी म्हणत त्याने वळून पाहिलं.

सिद्धेश हबसमोर उकिडवा बसला होता. टॉर्च दातांत धरून तो बापाने दुमडलेल्या पाकळ्या तपासत होता. एकीवर टोला, मग दुसरीवर टोला. दत्तारामला टोले ऐकू आले नाहीत. हातोडी दोनदा वर गेलेली तेवढी दिसली.